नडगीवरचे ठिपके

रूपाचा ताप उतरून आज नऊ दिवस झाले होते. रंजीताने तिला उठवलं नाही. पायाकडून गोधडी वर सारत नेली, गुडघ्यापर्यंत, आणि दोन्ही नडग्या उजेडाकडे वळवून पाहिल्या. दार पूर्वेला होतं. सकाळचा पहिला उजेड थेट खाटेवर पडावा म्हणून तिने खाट दारासमोर सरकवली होती. आधी उजवी नडगी, मग डावी, मग घोट्याच्या वरची जागा, जिथं मोज्याचं इलॅस्टिक बसतं. शेवटी अंगठ्याने खालचा ओठ उलटा करून आतली बाजू. काही नव्हतं. उजव्या गुडघ्यावर पांढरा वण होता, तो जुना होता.

"आई, थंडी वाजते न," रूपा डोळे न उघडता म्हणाली.

"झालं. झोप."

दोन वर्षांपूर्वी, पोर सात वर्षांची असताना, असाच साधा ताप आला, गेला, आणि दहाव्या दिवशी तिच्या नडग्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके उगवले. घरात कुणी मनावर घेतलं नाही. दोन दिवसांनी शाळेतून निरोप आला, नाकातलं रक्त थांबत नाही. अकोल्याला तपासलं तेव्हा प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, आठ हजार निघाले. अकरा दिवस दवाखाना आणि तीन महिने गोळ्या. गोळ्यांनी पोरीचं तोंड भाकरीसारखं गोल फुगलं, मग हळूहळू उतरलं. निघताना डॉक्टर म्हणाले होते, "तिचंच शरीर चुकून या पेशी मारतं. आता ती बरी आहे. पण एखाद्या तापानंतर पुन्हा होऊ शकतं, एक ते तीन आठवड्यांत. ठिपके दिसले की थांबायचं नाही."

थांबायचं नाही, हे रंजीताने ऐकलं. बाकीच्यांनी 'आता बरी आहे' एवढंच ऐकलं.

"झाली का तपासनी?" सासू भागिरथाबाई चुलीपुढून म्हणाल्या. "रोज पोरीले उघडी करून पाह्यतं. कोंबडी अंडं पाह्यते तसं."

रंजीताने गोधडी खाली ओढली. बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला होता.

*

हळद शिजवायचा कुकर आला होता. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेलं ते लोखंडी धूड शेतात शिरताना बांधावर अडकलं आणि रंजीताचा नवरा प्रसेनजित दगड लावायला धावला. कुकरचा मालक किसनसिंग मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा होता. फेब्रुवारीपासून दोन महिने तो या शेतातून त्या शेतात फिरायचा. कुणाच्या शेतात कधी, हे संक्रांतीलाच ठरलेलं असायचं. पाळी चुकली की गेली. मग पंधरा दिवस वाट पाहा.

प्रसेनजितची हळद खणून पाच दिवस झाले होते. ढीग ताडपत्रीखाली होता आणि आतून गरम व्हायला लागला होता. हात घातला की ऊब लागायची. वरून आभाळ. मोबाइलवर तीन दिवसांत गारपीट सांगितली होती.

"लाकडं कोरडी हायेत न, भाभी?" किसनसिंग ट्रॅक्टरवरून उतरत म्हणाला. "मागल्या घरी ओली बाभूय देली. धुरानं डोये गेले माहे."

"कोरडी हायेत, भाऊ. मागच्या साली तोडेल."

"मंग आज अर्धी, उद्या अर्धी. परवा मी मारोतरावाच्या वावरात."

मारोतराव शेजारच्या वावराचा मालक. तो पाहायलाच आला होता, पानाची चंची उघडत बांधावर बसलेला. "उद्या सांजेलोक निपटवजो बरं, प्रसेनजित," तो म्हणाला. "माहीबी खनून पडली हाये. आन तुह्या घरी डॉक्टरीनबाई हाये. मधातच कुकर बंद पडाचा एखांद्या वक्ती."

बायका हसल्या. प्रसेनजितही हसला, मग हसणं अर्धवट सोडून लाकडं उचलायला लागला.

ते कशाबद्दल होतं, सगळ्यांना माहीत होतं. मागच्या ऑक्टोबरात, सोयाबीन मळणीच्या ऐन मध्ये, रंजीता रूपाला घेऊन थ्रेशरपुढे येऊन उभी राहिली होती. दंडावर लाल ठिपके होते. प्रसेनजितने थ्रेशर थांबवला, मजूर बसवून ठेवले, दोघं पोरीला घेऊन वाशीमला गेले. प्लेटलेट दोन लाख ऐंशी हजार निघाले. ठिपके सोयाबीनच्या शेंगेच्या लवेचे होते; ते संध्याकाळपर्यंत गेले. त्याच्या आधी एकदा असंच नेलं तर डासांचे चावे निघाले होते. तेव्हापासून तिचं नाव डॉक्टरीणबाई. प्रसेनजित तिला त्यावरून कधी बोलला नव्हता. पण थ्रेशरवाल्याने नंतर तुरीच्या वेळी त्यांचा नंबर शेवटी लावला, हे त्याने एकदा, न विचारता, तिला सांगितलं होतं.

जाळ लागला. पाऊण तासाने वाफ धरली आणि पाइपांतून चारही ड्रममध्ये शिरली. ढिगाजवळ सहा बायका बसल्या होत्या. गड्ड्यापासून हळकुंडं मोडायची, माती झटकायची, गड्डे एका टोपल्यात, हळकुंडं दुसऱ्यात. ओल्या हळदीचा चीक बोटांना लागतो, नखांत जातो, मग चेहऱ्यावरची माशी हाकलली की चेहऱ्याला. दुपारपर्यंत सगळ्या कोपरापर्यंत पिवळ्या झाल्या. किसनसिंग ड्रमचं झाकण उघडून एक हळकुंड काढायचा आणि त्यात गवताची काडी खुपसायचा. काडी अलगद गेली की ओरडायचा, "झालं!" दोघे जण दांडा धरून ड्रम उलटा करायचे. हळद वाफेसकट ताडपत्रीवर सांडायची आणि पिवळं पाणी चरातून खाली वाहत जायचं.

रूपाला रंजीताने निंबाखाली खाटेवर बसवलं होतं. पळायचं नाही. काठी घ्यायची नाही. दगड नाही. ढकलाढकली नाही. पोरगी तासभर बसली.

"बसू द्या तिले तथी," रंजीता सासूला म्हणाली.

"पोरगी हाये का काचेची बरनी? ताप गेला न आता. पाय मोकये करू दे."

दुपारच्या फेरीला रंजीता टोपलं घेऊन वळली तेव्हा रूपा चरापाशी होती. मजूर ज्योत्स्नाच्या दोन पोरींबरोबर ती चर ओलांडून उड्या मारत होती. एकदा पाय चुकला आणि दोन्ही पायांनी पिवळ्या पाण्यात. पाणी गुडघ्यापर्यंत उडालं. तिघी खिदळल्या.

रंजीताने टोपलं खाली ठेवलं. "लागलं का? कुठी लागलं?"

"नाई लागलं."

"खरं सांग."

"नाई वं आई, पान्यातच तर पडली!"

रंजीताने गुडघे चाचपले. हाड दुखत नव्हतं. पण मांडीच्या खालून बोटांपर्यंत पाय पिवळे झाले होते, वरून चिखल. तिने पदराने पुसलं. चिखल निघाला, पिवळं नाही. त्या पिवळ्याखाली काय आहे ते तिला आता दिसणार नव्हतं.

"पाहून घेतलं का, डॉक्टरीनबाई?" मारोतराव बांधावरून म्हणाला. "का वाफ बंद करू?"

*

शेवटचा ड्रम उतरेपर्यंत दिवस बुडाला. रंजीता घरी आली तेव्हा भागिरथाबाईंनी रूपाला आंघोळ घालून झाली होती. अंगाच्या साबणाने हळद निघेना, म्हणून कपड्यांच्या साबणाची वडी घेऊन काथ्याने पाय घासले होते. बोअरचं पाणी जड, त्याने साबणही नीट निघत नव्हता.

"काथ्यानं घासले?" रंजीताने विचारलं.

"मंग काय मोरपिसानं घासू?"

सकाळी, दहाव्या दिवशी, रंजीताने गोधडी वर सारली आणि तिचा हात तिथंच थांबला.

दोन्ही नडग्यांवर ठिपके होते. लाल, गंजाकडे झुकणारे, मोहरीएवढे, काही त्याहून बारीक. उजव्या पायावर जास्त. गुडघ्याखाली गर्दी, घोट्याकडे विरळ. तिने बोटाने एक दाबला, सोडला. तसाच. डास चावल्याचा लाल रंग दाबला की जातो आणि सोडला की परत येतो. कातडीखाली रक्त झिरपलेलं असलं की जात नाही. हे तिला अकोल्याच्या वॉर्डात नर्सने शिकवलं होतं, काचेचा ग्लास दाबून. पाहुण्यांसाठी ठेवलेला एकच काचेचा ग्लास घरात होता. तिने तो आणला. तळ नडगीवर दाबला आणि काचेतून पाहिलं. एकही गेला नाही.

"अहो," तिने हाक मारली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

प्रसेनजित दात घासता घासता आला. वाकून पाहिलं. त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून फेस खाली आला, तो पुसायचं त्याला सुचलं नाही.

मागून भागिरथाबाई आल्या. त्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण मोकळा झाला. "हयद हाये वं ते!" त्या म्हणाल्या. "काल साबन लावला न मी. हयदीले साबन लागला का ते लाल होते. तुले मालूम नाई का? हे पाह्य." त्यांनी लुगडं वर करून स्वतःची नडगी दाखवली. सुरकुतलेल्या कातडीवर तसेच तांबडे ठिपके, तशीच गर्दी. "माह्या पायावर हायेत, त्याच्या पायावर असतीन. दाखव रे."

प्रसेनजितने पायजमा वर केला. त्याच्या पायांवर केस होते, पण मध्ये मध्ये तांबडं दिसत होतं.

"घासून बाकीची निंघाली, केसाच्या मुयात राह्यली तथी तथी ठिपका पडला," भागिरथाबाई म्हणाल्या. "मले बी आता अकोल्याले नेता का?"

रूपा हसली. मग तिने आईकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

रंजीता स्वतःच्या हातांकडे पाहत होती. नखांभोवती तसाच तांबडा रंग होता. तिने काल भांडी घासली होती. सासू म्हणत होती ते खरं होतं. हे गावात सगळ्यांना माहीत असतं. हळदीच्या दिवसांत धुतलेली धोतरं दोरीवर तांबडे डाग घेऊनच वाळतात.

"तरी रक्त पाहून घेऊ," ती म्हणाली.

"आज?" प्रसेनजित म्हणाला.

"तापाले दहा दिवस झाले. मागच्या खेपेले दहाव्या दिवशीच..."

"रंजीता." त्याने चूळ भरली, बाहेर जाऊन थुंकला, परत आला. "अर्धा ढीग पडला हाये तथी. आज नाई शिजला तं उद्या किसनसिंग मारोतरावाच्या वावरात हाये. वरून आभाय. मी नसलो तं ड्रम कोन उलथंल? तिले काई होऊन राह्यलं का? नाकातून रक्त? हिरड्या?"

"नाई."

"खेयून राह्यली, जेवून राह्यली. उद्या जाऊ. उद्या सकायीच जाऊ, मी सोता नेतो."

"थांबाचं नाई म्हनलं होतं त्याईनं."

"तवा बी थांबलो नाई न आपन. सोयाबीनच्या वक्ती." तो हे हळू म्हणाला. ओरडला असता तर तिला उत्तर देता आलं असतं.

तिने रूपाला पूर्ण पायांची लेगिंग घातली, निंबाखाली खाटेवर बसवलं आणि सांगितलं, "आज उतरली तं पाह्य." मग ती ढिगाजवळ जाऊन बसली आणि हळद मोडायला लागली.

*

सकाळभर तिने काम केलं आणि दर अर्ध्या तासाने खाटेपाशी जाऊन आली. ओठ उलटा केला. डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. पोरगी कंटाळून गेली होती. "मले सू लागली," रूपा म्हणाली, तेव्हा रंजीता तिच्यामागे बांधाआड गेली आणि मातीवरचा ओला डाग पाहत उभी राहिली. पिवळा होता, लाल नव्हता. पण इथं सगळंच पिवळं होतं.

"पोरीच्या मागं किती फिरतं वं," ज्योत्स्ना म्हणाली. "माह्या पोरी कुठी हायेत मले मालूम बी नाई."

रंजीताला चीड आली ती ज्योत्स्नाची नाही. दिवसांचा हिशेब आजाराशी जुळत होता आणि रंगाचा हळदीशी. दोन्हींपैकी एकच खरं असायला हवं होतं, आणि दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसत होतं.

एक वाजता बायका ढिगापाशीच जेवायला बसल्या; प्रसेनजित आणि किसनसिंग कुकरपाशीच होते. भागिरथाबाईंनी पिठलं आणि भाकरी आणली होती, सोबत कांदा आणि झाडाची लिंबं. ज्योत्स्नाने बांधावरच्या नळावर साबणाने हात धुतले. हात आधी पिवळे होते, धुतल्यावर तांबडे झाले. "पाह्य, लगनातली नवरी," ती हात पुढे करून म्हणाली. मग तिने लिंबू कापलं आणि कांद्यावर पिळलं. रस तिच्या अंगठ्यावरून मनगटाकडे ओघळला. जिथून ओघळला तिथली कातडी पिवळी झाली. तांबड्या हातावर पिवळी रेघ, जशी कुणी बोटाने ओढावी.

रंजीताचा घास हातात राहिला.

सातवीला बाईंनी हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवले होते. साबणाचं पाणी लावलं की लाल, लिंबू लावलं की परत पिवळा. सगळ्या वर्गाने ते वीस वेळा करून पाहिलं होतं. रंजीता पुढं मंगरूळपीरला बारावी सायन्सपर्यंत शिकली आणि लग्नानंतर त्यातलं काही कधी लागलं नाही.

तिने भाकर खाली ठेवली. ज्योत्स्नाच्या पुढ्यातली उरलेली फोड उचलली.

"अवं, जेव तं," भागिरथाबाई म्हणाल्या.

"आई, इकडं या."

तिने रूपाची लेगिंग गुडघ्यापर्यंत वर केली. उजव्या नडगीवर लिंबाची फोड टेकवली, चोळली नाही, नुसता रस सोडला. दोघी वाकून पाहत होत्या. पहिला ठिपका कडेने फिकट झाला, मग मधोमध, आणि पिवळा होऊन कातडीत मिसळून गेला. दुसरा. तिसरा. रस खाली ओघळत गेला तसा त्याच्या वाटेवरचा एकेक ठिपका विझत गेला.

"पाह्यलं?" भागिरथाबाई म्हणाल्या. "मी काय सांगतलं?" त्यांनी हात वर करून ढिगाकडे आवाज दिला, "हयदच हाये वं बायहो! लिंबू लावलं आन गेली बिमारी!"

बायका हसल्या. रंजीताही हसली. ती खाटेच्या कडेला बसली. रूपा म्हणाली, "मले द्या, मी लावते," आणि फोड घेऊन स्वतःच डाव्या पायावर पिळू लागली. गुडघ्याखालचे गेले. नडगीच्या मधले गेले. पोरगी मोजत होती, "हा गेला, हा गेला, हा बी गेला..."

मग ती थांबली.

"आई, हा नाई जाऊन राह्यला."

घोट्याच्या वर, बाहेरच्या बाजूला, जिथं मोज्याचं इलॅस्टिक बसतं. रंजीताने फोड घेतली आणि तिथं थेंब थेंब पिळलं. भोवतालचा तांबूसपणा पिवळा झाला. आतला ठिपका होता तसाच राहिला. तो गंजासारखा नव्हता. आता आजूबाजूचं सगळं पिवळं झाल्यावर त्याचा खरा रंग दिसत होता, जांभळट लाल. त्याच्या शेजारी दुसरा. वर तिसरा. पुसून, पुन्हा पिळून, तिने मोजले. डाव्या पायावर नऊ. मग उजवा पाय पुन्हा, घोट्यापासून. तिथं पाच.

भागिरथाबाई अजून वाकलेल्या होत्या. त्यांनी बोट पुढे केलं आणि ठिपक्याला न लावता मागे घेतलं.

"बलाव त्याले," त्या म्हणाल्या.

*

प्रसेनजित ड्रमचा दांडा सोडून आला. कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता. रंजीताने फोड त्याच्या हातात दिली. त्याने आधी ती स्वतःच्या पायावर लावली. केसांमधलं तांबडं पिवळं झालं. मग खाली बसून त्याने ती पोरीच्या घोट्यावर लावली, वाट पाहिली, आणि मग अंगठ्याने जोरात चोळायला लागला.

"चोयू नका," रंजीता म्हणाली. "कातडी फाटंल."

त्याने हात असा काढला जसा चटका बसल्यावर काढतात.

"प्रसेनजित!" किसनसिंग ओरडला. "ड्रम भरला. वाफ सोडू का?"

"सोड."

"आन उलथनार कोन?"

"मी उलथते," भागिरथाबाई म्हणाल्या. "ज्योत्स्ना हाये, ह्या बाया हायेत. चार बायकाईनं नाई उलथत का? तुमी निंघा."

"माय, तो ड्रम गरम..."

"निंघ म्हनलं न तुले."

मारोतराव बांधावरून उठून आला होता. काय झालं ते त्याला कुणी सांगितलं नाही, पण त्याने रूपाचा पाय पाहिला. चंची खिशात घातली, चपला काढल्या आणि दांड्यापाशी जाऊन उभा राहिला. "मी हावो अथी," तो म्हणाला. कुणाला उद्देशून म्हणाला ते कळलं नाही.

शेलूबाजारपर्यंत चार किलोमीटर कच्ची वाट होती. मोटरसायकलवर रूपा मध्ये, रंजीता मागे. तिने दोन्ही हात पोरीभोवती घालून प्रसेनजितच्या पोटावर घट्ट धरले.

"पयल्या गिअरातच ठेवा."

"हो."

"खड्डा आला का थांबवा, मी तिले उचलून घेते."

"हो न."

तीन ठिकाणी ते थांबले. तीनदा रंजीताने रूपाला कडेवर घेऊन खड्डा पायी ओलांडला. नऊ वर्षांची पोर, पाय तिच्या गुडघ्यांच्या खाली लोंबत होते. तिसऱ्यांदा समोरून दोन जण सायकलवर आले आणि म्हणाले, "पाय मोडला का?" प्रसेनजित म्हणाला, "नाई." एवढंच.

शेलूबाजारला त्याने गाडी एका दुकानापुढे लावली. वाशीमची जीप भरल्याशिवाय निघेना. प्रसेनजितने पुढच्या दोन्ही जागा घेतल्या आणि ड्रायव्हरला म्हणाला, "सावकाश चाल, राजा." ड्रायव्हरने त्यांच्या पिवळ्या हातांकडे पाहिलं. "हयदीवाले का? सीट खराब होईन." प्रसेनजितने खांद्यावरचा दुपट्टा काढून सीटवर अंथरला.

जीपमध्ये रूपा म्हणाली, "आई, मले पुन्हा सुई लावतीन?"

"एक. रक्त काढाले."

"अकोल्यासारखं हातात ठेवतीन का ते?"

रंजीताने खोटं बोलायचं टाळलं. "मले नाई मालूम, बाई."

प्रसेनजित समोरच्या काचेतून पाहत होता. तो म्हणाला, "सकायीच निंघाले पाह्यजे होतं." तिने रूपाचे पाय आपल्या मांडीवर ओढून घेतले.

*

वाशीमला मुलांच्या दवाखान्यात खालीच लॅब होती. रक्त काढणाऱ्या मुलीने स्पिरिटचा बोळा रूपाच्या कोपरात फिरवला, तो पिवळा निघाला. तिने दुसरा घेतला, तोही पिवळा. सुई काढल्यावर रंजीताने स्वतः बोळा दाबून धरला आणि भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं पाहून मग सोडला. जागा कोरडी होती. तिने पुन्हा दाबला.

रिपोर्टला पाऊण तास लागला. प्रसेनजित बाकावर बसला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला, कारण बाकाला पांढरं कापड होतं. त्याचा मोबाइल वाजला. भागिरथाबाई होत्या. मागे वाफेचा फूत्कार आणि मारोतरावाचं "धरा, धरा, आता उलथा" ऐकू येत होतं.

"काय निंघालं रे?"

"अजून नाई आलं."

"इकडले तीन ड्रम झाले. इकडलं पाहू नको तू."

कागद आला तो लॅबच्या मुलीने दिला नाही, आत डॉक्टरांकडे नेला. तेव्हाच रंजीताला कळलं. चांगला असला की बाहेरच हातात देतात. मागच्या दोन्ही वेळा बाहेरच दिला होता.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी घोटे पाहिले, तोंडात बॅटरी धरली, पोट दाबलं. "एकोणीस हजार," त्या म्हणाल्या. "दीड लाखाच्या वर हवे असतात. म्हणजे परत आलंय. पण बाकी रक्त चांगलं आहे, आणि कुठून रक्त येत नाहीये. ठिपके कधी दिसले?"

"आज," रंजीता म्हणाली.

"लवकर आलात. मागच्या वेळी अकोल्याला आठ हजारांवर नेली होती न?"

"हो."

"गोळ्या आजच चालू करू. घरी ठेवा, पण पडू द्यायचं नाही, मार लागू द्यायचा नाही. कसलंही इंजेक्शन नाही, अंगदुखीची गोळी नाही. पाचव्या दिवशी पुन्हा रक्त. नाकातून, तोंडातून आलं, डोकं दुखलं, उलटी झाली, तर वाट पाहायची नाही, सरळ अकोला."

"बरी होईन न?" प्रसेनजितने विचारलं.

"बहुतेक पोरं होतात." त्या लिहीत होत्या. "पण हिच्यावर लक्ष ठेवावं लागेल. मोठी होईपर्यंत."

बाहेर आल्यावर रूपाला उसाचा रस हवा होता. तिघांनी उभ्याने घेतला. रंजीताला ऑक्टोबरातला तो दिवस आठवला, याच रसवंतीपुढे ते उभे होते. प्रसेनजित रागावलेला होता, मजूर बसून होते, ती लाजेने मेली होती. त्या दिवशी कागदावर दोन लाख ऐंशी हजार होते. ती चुकली होती. आज ग्लास तोंडाला लावताना तिला वाटलं, गावाने तिला आणखी दहा वर्षं हसावं, बांधावरून, थ्रेशरवरून, कुठूनही.

*

त्या रात्रीच तिने सगळ्या चौदा ठिपक्यांभोवती बॉलपेनने गोल काढून ठेवले होते. म्हणजे नवीन येईल तो गोलाबाहेर दिसेल. दुसऱ्या सकाळी गोलाबाहेर सहा होते. तिने त्यांनाही गोल काढले. तिसऱ्या सकाळी तीन. भागिरथाबाई आता चुलीपुढून बोलत नव्हत्या. रूपाला मोरीपर्यंत त्या पाठंगुळी नेऊन आणत, स्वतःचे गुडघे वाजत असताना. खाटेच्या कडांना त्यांनी जुनी लुगडी गुंडाळली. गार पडली नाही, नुसता वारा सुटला. शिजलेली हळद ताडपत्र्यांवर वाळत पडली होती आणि प्रसेनजित दिवसभर तिथं राखण करत, दाताळ्याने ती उलथीपालथी करत असायचा. रूपाच्या अंगाला आता हळद लागू द्यायची नव्हती, म्हणून तो घरातही शिरत नव्हता. ओसरीवर जेवायचा, ओसरीवर झोपायचा.

चौथ्या सकाळी एक.

पाचव्या सकाळी उजेड नीट यायच्या आधीच तो दाराशी येऊन उभा होता. पाय उंबऱ्याच्या बाहेर, हात चौकटीला न लावता. आज रक्त तपासायला जायचं होतं. गाडीत पेट्रोल त्याने कालच भरून ठेवलं होतं.

रंजीता खाटेपाशी बसली होती. तिने उजवी नडगी पाहिली, डावी पाहिली, दोन्ही घोटे, मांड्या, दंड. ओठ उलटा करून आतली बाजू. रूपा डोळे मिटून पाय सैल सोडून पडली होती, तिला सवय झाली होती. निळे गोल होते, काहींमधला रंग तपकिरी होऊन पिवळट पडत चालला होता. गोलांच्या बाहेर कातडी नुसती कातडी होती.

"किती?" प्रसेनजितने विचारलं.

"एकई नाई."

तो हलला नाही. मागून कोंबडा ओरडला, भागिरथाबाईंनी त्याला हाकललं. तिला वाटलं आता तो जाईल, गाडी काढेल. तो तिथंच उभा राहिला, पिवळ्या पायांनी, मान पुढे काढून, तिथून काही दिसत नसताना खाटेकडे पाहत.

"रंजीता," तो म्हणाला, "अजून एक डाव पाह्य."

तिने खाट दाराकडे थोडी आणखी ओढली आणि पुन्हा उजव्या नडगीपासून सुरुवात केली.